एकतीस कप्प्यांची फाइल: दवा बाजारातल्या एका फर्मचा चेकपासून खात्यापर्यंतचा प्रवास

इंदूरच्या आर.एन.टी. मार्गावरच्या दवा बाजारात एका मराठी कुटुंबाची फर्म आहे. कुटुंब रामबागेतलं, धंद्यात दुसरी पिढी. काम औषधांच्या स्टॉकिस्टचं. कंपन्यांच्या डेपोतून माल उचलायचा आणि शहरातल्या मेडिकल दुकानांना, शिवाय महू, देपालपूर, सांवेर, बडवाह, सनावद, खरगोन, मनावर, कुक्षी इथल्या पार्ट्यांना पुरवायचा. फर्मचं नाव इथे देत नाही. त्यांचे हिशेब माझ्याकडे असतात आणि प्रकरण लिहायला त्यांची ना नाही, एवढं सांगितलं की पुरे.

कोडं असं होतं. २०२० ते २०२२ या काळात फर्मची जवळपास सगळी वसुली चेकवरून एनईएफटी आणि यूपीआयवर गेली. पैसा खात्यात पडायला लागणारा वेळ दिवसांवरून मिनिटांवर आला. आणि तरी बाजारात अडकलेली उधारी कमी व्हायच्या ऐवजी वाढली. सीसी खातं (बँकेचं कॅश क्रेडिट, म्हणजे मर्यादेपर्यंत उचलायचं कर्ज) सतत मर्यादेला टेकलेलं. मोठे मालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, एकच प्रश्न विचारत होते: पैसे पटकन येतायत म्हणता, मग ते आहेत कुठे?

चेकचं खरं काम

फर्मची उधारी एकवीस दिवसांची. माल पोचल्यावर आठवड्याभराने वसुलीचे काका त्या गावाची फेरी करायचे आणि पार्टी पुढच्या तारखेचा चेक द्यायची. बाजारात त्याला पीडीसी म्हणतात. चेकला पार्टीच्याच हातची एक चिठ्ठी टाचलेली असे: बिलांचे नंबर, रकमा, त्यातून वजा एक्स्पायरी मालाची क्रेडिट नोट (परत केलेल्या मालाचे पैसे जमा दाखवणारा कागद), वजा फुटक्या बाटलीचे पैसे, खाली निव्वळ आकडा. काका चेकच्या मागे पेन्सिलने पार्टीचा कोड घालायचे. ऑफिसात आला की तो चेक एकतीस कप्प्यांच्या फाइलीत, आपल्या तारखेच्या कप्प्यात. रोज सकाळी त्या दिवसाचा कप्पा रिकामा करायचा, स्लिपा भरायच्या, बँकेत टाकायचे. पुढच्या आठवड्यात किती पैसा येणार हे अण्णा कप्प्यांच्या जाडीवरून सांगत आणि त्यावर कंपनीची ऑर्डर ठरे.

त्याच सकाळी फोनही सुरू व्हायचे. "भैया, आज वाला मत लगाना, परसों डाल देना." काकांना या फोनांचा वैताग होता, पण सगळी माहिती त्यातच होती. कोणती पार्टी ओढाताणीत आहे हे चेक परत येण्याच्या आधी कळायचं. ज्याचे असे फोन वाढले त्याचा पुढचा माल काका न सांगता हलका करायचे.

म्हणजे पैसे *न* देण्यासाठी पार्टीला काहीतरी करावं लागत होतं. तिने काहीच केलं नाही तर चेक लागणार आणि पैसे जाणार. ही गोष्ट तेव्हा कुणाच्या लक्षात आली नाही, कारण ती कुणी मुद्दाम ठरवलेली नव्हती.

मागे कायदा उभा होताच. परक्राम्य संलेख अधिनियम, म्हणजे चेक-हुंड्यांचा कायदा, १८८१ चा असला तरी त्यातलं कलम १३८ लागू झालं १ एप्रिल १९८९ पासून. शिल्लक नसल्यामुळे चेक परत आला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला १५ दिवस, तेही गेले तर पुढच्या महिन्याभरात फिर्याद. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फर्मने प्रत्यक्ष खटले फार थोडे केले. नोटिशीतच काम व्हायचं. खटला कुठे चालायचा हा प्रश्न मात्र मध्यंतरी नडला होता. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ज्याच्या बँकेचा चेक, त्याच्या गावी जावं लागे, म्हणजे इंदूरच्या फर्मने खरगोनला खेटे घालायचे. २०१५ च्या दुरुस्तीने ते उलटलं आणि चेक ज्या शाखेतल्या आपल्या खात्यात भरला तिथलं न्यायालय चालू लागलं.

हे सगळं इतकं का महत्त्वाचं, तर घाऊक औषधविक्रीत नफा ढोबळ आठ ते दहा टक्के. स्कीम, गाडीभाडं, पगार, व्याज सगळं त्यातूनच. पन्नास हजारांची एक पार्टी बुडाली तर ती भरून काढायला निदान पाच लाखांचा माल विकावा लागतो, तोही खर्च शून्य धरला तर.

वेगाचा हिशेब

चेक हळू म्हणून गेला, असं सर्रास म्हणतात. या फर्मच्या कागदांवरून मला ते पटत नाही. जुन्या काळी तो हळू होता हे खरं. खरगोनच्या शाखेवरचा चेक 'कलेक्शन'ला जाई, कागद टपालाने तिथे पोचे, पैसे कमिशन कापून परत येत. चेकच्या तळाशी छापलेल्या, मशीन वाचतं त्या एमआयसीआर पट्टीचे नऊ आकडे, त्यातले पहिले तीन शहराचे, इंदूरचे ४५२. पार्टीने चेक दिला की अण्णा आधी हे तीन आकडे बघत, रक्कम नंतर. शहरातला चेक आणि बाहेरचा चेक यांची किंमत त्यांच्या लेखी वेगळी होती.

पण हा फरक चेकच्या हयातीतच पुसला गेला. चेक ट्रंकेशन पद्धत दिल्लीत २००८ ला, चेन्नईत २०११ ला आणि मुंबईत २०१३ ला सुरू झाली; मध्य प्रदेश मुंबईच्या पश्चिम ग्रिडमध्ये आला. कागद आपल्याच बँकेत राहायचा, पुढे जायची ती त्याची प्रतिमा आणि एमआयसीआरची माहिती. कुक्षीचा चेकही साधारण दुसऱ्या दिवशी लागू लागला.

समजा दहा लाखांचे चेक दोन दिवस वाटेत आहेत आणि सीसीचं व्याज दहा टक्के. दोन दिवसांचं व्याज होतं सुमारे ५४८ रुपये. या पाचशे-साडेपाचशे रुपयांसाठी कुणी धंद्याची पद्धत बदलत नाही. उलट एकवीस दिवसांची उधारी एकतिसावर गेली तर त्याच दहा लाखांवर दहा दिवसांचे २,७४० रुपये जातात, आणि ते दर फेरीला. फर्मचा पैसा क्लिअरिंगमध्ये कधीच अडकलेला नव्हता.

मार्च २०२०

बदल ठरवून झाला नाही. लॉकडाउन लागलं, इंदुरात ते फार कडक होतं, पण औषधं थांबवता येत नव्हती. माल जात होता, काका जाऊ शकत नव्हते. फाइलीतले जुने चेक संपत आले आणि नवे येईनात. एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत सहावरून तीन महिन्यांवर आलेली, त्यामुळे हाती राहिलेल्यांतले काही शिळे होण्याच्या बेतात.

योगायोग असा की एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासूनच चोवीस तास, सातही दिवस सुरू झालं होतं, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या बॅचने. बचत खात्यातून ऑनलाइन एनईएफटी करायला शुल्क घ्यायचं नाही, हेही जानेवारी २०२० पासून लागू होतं. पार्ट्यांनी आपणहून पैसे टाकायला सुरुवात केली. घरची धाकटी सून तेव्हा हिशेबात बसू लागली. तिने बँकेचा तपशील सगळ्यांना मोबाइलवर पाठवला, दारात क्यूआर कोड लावला. टाळेबंदी उठली तरी कुणी चेकवर परतलं नाही. चेकबुक संपलं तर नवं मागवायची तसदी कोण घेतो?

काकांच्या फेऱ्या पुढे सुरू झाल्या, पण आता हातात फक्त उधारीची यादी होती. "कर देता हूँ शाम तक," असं ऐकून परत यायचं.

१८,४६० रुपये कुणाचे?

घोळ बरेच होते. त्यातला एक जरा जवळून बघण्यासारखा आहे.

बँकेच्या स्टेटमेंटमध्ये एके दिवशी यूपीआयने १८,४६० रुपये जमा. पाठवणारीचं नाव एका बाईचं, जे फर्मच्या एकाही पार्टीचं नाही. त्या आकड्याचं बिल नाही. महूच्या एका दुकानाकडे १८,६४० येणं होतं. सूनबाईंनी आकडे उलटसुलट झाले असतील असं धरून ते त्याच्या खात्यात टाकले. सहा दिवसांनी सनावदची पार्टी फोनवर चिडली: पैसे देऊन आठवडा झाला, माल का अडवला? उलगडा मग झाला. त्याचं बिल १९,३१० चं, त्यातून त्याने ८५० ची एक्स्पायरीची क्रेडिट नोट स्वतःच वजा केली आणि उरलेले पैसे बायकोच्या खात्यातून पाठवले, कारण दुकानाच्या करंट खात्यावर यूपीआय चालू नव्हतं.

चेकच्या जमान्यात हे होऊच शकलं नसतं. टाचलेल्या चिठ्ठीत सगळं लिहिलेलं असायचं. इलेक्ट्रॉनिक पैशाबरोबर यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक येतो, वेळ येते, खात्याचं नाव येतं. कोणत्या बिलांचे आणि काय वजा करून, ते येत नाही. काही पार्ट्या तर सरळ वीस हजार टाकून "हिसाब में ले लो" म्हणायच्या. ते 'ऑन अकाउंट' पडून राहात. जुनी बिलं कागदोपत्री उघडी, रोख सवलत कोणत्या बिलावर द्यायची यावर वाद, आणि वर्षअखेरीला पार्टीचं खातेपान आणि आपलं खातेपान दोन वेगळ्या गावचे.

स्क्रीनशॉटचा उपद्रव वेगळा. माल घेऊन गेलेल्या पोराला दुकानदार मोबाइल दाखवायचा, पोरगं माल ठेवून यायचं. पैसे 'प्रोसेसिंग'मध्ये, किंवा मुळात गेलेलेच नाहीत. सूनबाईंनी त्यावर एक नियम लगेच केला: आपल्या खात्यात दिसेल तेवढंच खरं.

उपाय, चालले ते आणि अडखळले ते

पहिला उपाय मी सुचवला, नाच (NACH) मॅन्डेट. यूपीआय चालवणारी एनपीसीआय हीच संस्था चालवते त्या या व्यवस्थेत पार्टी एकदाच परवानगी देते: अमुक खात्यातून, अमुक कमाल रकमेपर्यंत, फर्म पैसे मागवू शकते. शिल्लक नसेल तर तोही परत येतो, आणि पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स अधिनियम, २००७ मधलं कलम २५ त्याला जवळपास कलम १३८ सारखंच वागवतं: ३० दिवसांत नोटीस, १५ दिवसांची मुदत, दोन वर्षांपर्यंतची शिक्षा. बाजारात हे कलम फारसं कुणाला माहीत नाही. यूपीआयने पैसे आले नाहीत तर दाखवायला काही नसतं. परत आलेल्या मॅन्डेटचा कागद असतो.

पार्ट्यांची पहिली प्रतिक्रिया: "मतलब आप हमारे खाते में हाथ डालोगे." गंमत म्हणजे हीच माणसं पूर्वी पुढच्या तारखेचे सही केलेले चेक देत होती. पण कागद आपण दिला, त्यावर आपली सही आहे, लावण्याआधी समोरचा विचारेल, हा विश्वास होता. मशीन विचारणार नाही अशी भीती होती, आणि ती चुकीचीही नव्हती.

तांत्रिक अडचणी निघाल्याच. कागदी मॅन्डेट सही न जुळल्याने परत आले. वीस वर्षांपूर्वी खातं उघडताना केलेली सही आज कोण तशी करतो! नेट बँकिंग किंवा डेबिट कार्डावरून होणारं ई-मॅन्डेट झटपट, पण लहान दुकानांच्या करंट खात्यांना कित्येकदा दोन्ही नाही. परत आलेल्या प्रत्येक व्यवहाराला दोन्हीकडे शुल्क.

कोंडी फोडली ती सूनबाईंनी. मॅन्डेट लावायच्या दोन दिवस आधी प्रत्येक पार्टीला संदेश जाईल: या तारखेला इतके जातील, ही बिलं, ही क्रेडिट नोट वजा केली आहे, काही चुकत असेल तर उद्या दुपारपर्यंत कळवा. पार्ट्यांचं समाधान झालं. आणि लगोलग उत्तरं येऊ लागली: "दीदी, इस बार सोमवार को लगाना." काकांनी ते वाचलं आणि म्हणाले, "वहिनी, हा तर आपला जुना फोनच की." त्यांना नेमकं कळलं होतं. माहिती पुन्हा वाहायला लागली होती, आणि पैसे न देण्यासाठी पार्टीला पुन्हा काहीतरी करावं लागत होतं.

मॅन्डेट सगळ्यांनी दिलं नाही, देणारही नाहीत. उरलेल्यांसाठी बँकेकडून व्हर्च्युअल खाते क्रमांक घेतले. प्रत्येक पार्टीला वेगळा क्रमांक, पैसा शेवटी एकाच खात्यात, पण कुणाकडून आला ते क्रमांकच सांगतो. मग बायकोच्या खात्यातून येवो की मेव्हण्याच्या. शहरातल्या लहान दुकानांच्या बिलावर त्या बिलाचा क्यूआर छापला, म्हणजे रक्कम आणि बिल नंबर आपोआप भरलेले. क्रेडिट नोट मात्र बिल छापण्याआधीच ठरलेली हवी, नाहीतर क्यूआरची रक्कम चुकते. त्यासाठी एक्स्पायरीचा माल परत घ्यायची तारीख महिन्यातून एक अशी बांधून घेतली. कंपन्या त्यांच्याकडचा एक्स्पायरीचा हिशेब वेळेवर देत नाहीत, तो भार फर्मच उचलते. हा प्रश्न सुटलेला नाही.

तिसरा उपाय कुलपाचा. एकवीस दिवस उलटले की बिलिंग सॉफ्टवेअर त्या पार्टीचं नवं बिल बनवू देत नाही. यावर घरात खडाजंगी झाली. काकांचं म्हणणं, "त्याच्या मुलीचं लग्न आहे, तीस वर्षं आपल्याकडून माल घेतो, कॉम्प्युटरला काय कळतंय?" सूनबाईंचं म्हणणं, अशीच तीस लग्नं साठून उधारी वाढते. शेवटी ठरलं की कुलूप काका उघडू शकतात, पण कारण लिहून, आणि एका रकमेपर्यंतच. मला हा तोडगा आवडला. महिन्याच्या शेवटी ती कारणं वाचली की बाजाराची तब्येत कळते. 'लग्न' कमी आणि 'समोर नवीन साखळी दुकान आलं' जास्त, असं हल्ली दिसतं.

देण्याच्या बाजूचं थोडक्यात. पूर्वी कंपन्यांच्या सी अँड एफकडे (कंपनीचा माल साठवून पुढे पाठवणारे एजंट) फर्मचे कोरे सही केलेले चेक ठेवलेले असत. आता आरटीजीएस, म्हणजे मोठ्या रकमा बँकेतून बँकेत थेट पाठवायची सोय, दोन लाखांपासून पुढे. चेकवर अण्णांची आणि थोरल्या मुलाची अशा दोन सह्या लागायच्या. ऑनलाइनमध्ये एकाने व्यवहार भरायचा, दुसऱ्याने मंजूर करायचा अशी सोय आहे, ती फर्मने घेतलीही. पण दोन्ही ओटीपी एकाच टेबलावरच्या दोन मोबाइलांवर येत आणि दोन्ही मोबाइल मुलाच्या हातात. अण्णांना ओटीपीचा कंटाळा. मी यावर भांडलो. सही दुसऱ्याला देता येत नाही, मोबाइल देता येतो, आणि तिथेच दुसऱ्या नजरेचा उपयोग संपतो. आता अण्णांचा फोन अण्णांच्याच खिशात असतो; संध्याकाळी पाचला ते कुरकुरत मंजुऱ्या देतात. खातं बदलल्याचा ईमेल आला तर जुन्याच नंबरवर फोन करून खात्री करायची, हाही नियम आहे. एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस-एनईएफटीमध्ये खातेदाराचं नाव आधी दिसण्याची सोय झाली, त्याने बरीच भीती कमी झाली. त्याआधी नाव काहीही लिहा, पैसा खाते क्रमांकावर जायचा.

ऑक्टोबर २०२५

मधल्या काळात चेक बसून नव्हता. ४ ऑक्टोबर २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने बॅचऐवजी सलग क्लिअरिंग सुरू केलं. दिवसा ठरलेल्या वेळेत (सुरुवातीला ती सकाळी दहा ते दुपारी चार होती) चेकची प्रतिमा लगेच पुढे जाते आणि समोरच्या बँकेने त्याच दिवशी संध्याकाळी सातपर्यंत हो किंवा नाही सांगायचं. काही कळवलं नाही तर चेक मंजूर धरला जातो.

फर्मच्या मोजक्या पार्ट्या अजून चेक देत होत्या, बहुतेक म्हातारे दुकानदार. त्यांची सवय अशी की आज चेक लागला तर उद्या सकाळी गल्ल्यातली रोकड खात्यात भरायची. नव्या पद्धतीत चेक त्याच दिवशी खात्यावर येऊन धडकला आणि सुरुवातीलाच दोघांचे परत गेले. दोघांच्याही मनात खोट नव्हती. फर्मने नोटीस काढली नाही, काका जाऊन समजावून आले.

आता नवी पार्टी जोडताना फर्म मॅन्डेट मागते, ते नसेल तर तारण म्हणून एक चेक. अण्णांना कोरा हवा असतो. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की स्वखुशीने सही करून दिलेल्या कोऱ्या चेकलाही देण्याचं गृहीतक लागू होतं, आणि अण्णांनी ते कात्रण जपून ठेवलंय. माझं मत वेगळं: तारणाच्या चेकबरोबर उधारीची मर्यादा आणि मुदत लिहिलेला करार हवा, नाहीतर न्यायालयात समोरचा 'हा चेक दुसऱ्याच कामासाठी दिला होता' म्हणणार आणि आपण नुसती सही दाखवत बसणार. कराराचा मसुदा तयार आहे, पण नव्या पार्टीला पहिल्याच दिवशी कागद वाचायला लावणं अण्णांना शोभत नाही असं वाटतं.

उधारी मागच्या दिवाळीला तेवीस-चोवीस दिवसांवर आली. एकवीसवर ती चेकच्या काळातही क्वचितच होती, हे जुन्या वह्या काढल्यावर कळलं. सध्या काका सूनबाईंच्या शेजारी बसून एकेका पार्टीपुढे कोण कुणाच्या खात्यातून पैसे पाठवतो ते भरवून घेतात: दुकान एकाच्या नावावर, करंट खातं भावाच्या, यूपीआय मुलाच्या. शहर आणि महू झालं. मनावर, कुक्षीकडच्या पार्ट्या बाकी आहेत, आणि त्या भागात मोबाइलवर विचारून कुणी सांगत नाही, म्हणून काकांची पुढची फेरी त्यासाठीच ठरली आहे.